वाहनयोग्य साकव

सत्यजीत फणसे कॅनडाहून परत आला तेव्हा त्याने आमच्या सोसायटीतल्या सोळा कुटुंबांना चॉकलेटं वाटली, एक व्हिडिओ कॅसेट दाखवली आणि कोणी विचारलेलं नसताना आमच्या आयुष्यात काय कमी आहे तेही सांगितलं. ते म्हणजे ‘ॲडव्हेंचर’. आठ महिने परदेशात काढले की माणसाला इकडच्या लोकांतलं न्यून फार पटकन दिसायला लागतं. न्हावा शेवा बंदरातल्या एका जहाज कंपनीत तो नोकरीला होता. कंपनीने त्याला तिकडे कंटेनर मोजायला पाठवलं होतं आणि हा येताना जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल खोक्यात बांधून घेऊन आला. हे शहाण्णव सालचं. नवीन पनवेलमध्ये तेव्हा साध्या सायकलीचं पंक्चर काढायला स्टेशनापर्यंत जावं लागायचं, एकवीस गिअर कोणाला दाखवणार हा विचार त्याने केलेला नव्हता.

कॅसेटमध्ये तिकडची गोरी पोरं जंगलात सायकली चालवत होती. जंगलात चालवायच्या तर चालवाव्यात, पण त्यांनी तिथे मुद्दाम लाकडी फळ्यांचे अरुंद पूल बांधले होते, वीतभर रुंदीचे, माणसाच्या उंचीवर. त्यावरून जायचं, मध्येच एका डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायचा आणि शेवटी फळी संपली की खाली उडी टाकायची, सायकलीसकट. त्यातली निम्मी पोरं पडत होती आणि पडल्यावर हसत होती. हे मला सगळ्यात खटकलं. पडून हसायची पद्धत आपल्याकडे नाही. आपल्याकडे पडलेला माणूस आधी कोणी पाहिलं का ते बघतो आणि मग लागलं का ते.

कॅसेट संपल्यावर सगळे गप्प बसले होते, तर गप्प बसावं. पण मला ते कधी जमलं नाही. “त्यात काय एवढं?” मी म्हणालो. “आम्ही लहानपणी शेताच्या बांधावरून डबलसीट जायचो.” डबलसीटमधला मागे बसणारा मी होतो, हा तपशील मी दिला नाही. सत्यजीत म्हणाला, “अवधूतकाका, मग आपण इथेच असा ट्रेल बनवू या ना. तुम्ही लीड करा!” सोळाही कुटुंबांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाकडे सोळा कुटुंबं एकदम बघतात असे प्रसंग फार येत नाहीत. मी हो म्हणालो.

त्या आठवड्यात मंडळ स्थापन झालं. ‘सह्याद्री पर्वतीय सायकल साहस मंडळ’. अध्यक्ष सत्यजीत, सचिव मी, सल्लागार तळमजल्यावरचे दिनानाथराव. दिनानाथराव दोनदा स्कूटरवरून आणि एकदा बाथरूममध्ये पडलेले होते, त्यामुळे हाडांच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. मंडळाकडे सायकल एक होती आणि लेटरहेड पाचशे. लेटरहेडवर एक गरुड होता, कारण छापखान्यात एक तर गरुड होता नाहीतर लग्नपत्रिकेतला गणपती. आपल्या मध्यमवर्गाचं हे मला नेहमी नवल वाटतं. उद्या घराला आग लागली तर आपण आधी अग्निशमन समितीचं लेटरहेड छापून घेऊ आणि सचिवपदावरून भांडू.

जागा शोधायला दोन रविवार गेले. कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक चढाचा माळ सापडला. सत्यजीत म्हणाला, “परफेक्ट टेरेन!” मला ती लोकांनी सकाळी डबा घेऊन जायची जागा वाटली आणि ती तशी होतीही. माळाच्या वर ठाकरांची वीस-बावीस घरांची वाडी होती. तिथला देवजी लाकडाचं काम करतो असं कळलं. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, कमरेला कोयता. सत्यजीतने त्याच्यापुढे नकाशा उलगडला. देवजीने तो बराच वेळ पाहिला.

“ही फली कुटं जाते?” त्याने विचारलं.

“कुठेच नाही,” सत्यजीत म्हणाला. “इथे एण्ड होते.”

“पल्याड काय हाय?”

“काही नाही. तिथून जम्प मारायची.”

“मंग वर चढाचा कशाला?”

“थ्रिल असतं त्यात!”

देवजीने नकाशावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. वयाने मी त्याच्या जवळचा होतो, तेव्हा निदान माझ्याकडून तरी काही बरं उत्तर येईल असं त्याला वाटलं असावं. मी गरुडाच्या लेटरहेडची घडी करत राहिलो.

पण देवजी तयार झाला, आणि त्याचं कारण मी होतो. त्याच्या वाडीच्या आणि डांबरी रस्त्याच्या मधून एक ओढा जातो, त्याला ते व्हाळ म्हणतात. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पावसात छातीभर. त्यावर साकव नाही, म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूलसुद्धा नाही. देवजी म्हणाला, “सा वरसा अर्ज देतो सायेब. कोन वाचत नाय. तुमी लिवनारे मानूस. येक चांगला कागद लिवून द्या, तुमची लाकडा मी उबी करतो.” मग जवळच भात पाखडत बसलेल्या सुनेकडे हात केला. “ही वेणू. गेल्या खेपंला हिचे दिवस भरले तवा व्हाळ भरलेला. खाटंवरनं नेली. चौघं पान्यात. मधी येकाचा पाय सटाकला.”

“मग?” मी म्हणालो.

“खाट धरली वरच्यावर. आता परत सरावनात दिवस भरतील.” हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं आणि कोयता घेऊन उठला.

मी रसायनीच्या एका कारखान्यात हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षं मसुदे लिहितो आहे. माझ्या मसुद्यातल्या वेलांटीलाही साहेब हात लावत नाहीत, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. देवजीचा अर्ज मी एका बैठकीत लिहिला आणि तो इतका चांगला उतरला की मी तो शशिकलेला वाचून दाखवला. शशिकला माझी बायको. ती म्हणाली, “त्या बिचाऱ्या सुनेचं काम होऊ दे हो.” मसुद्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला गद्यातलं कळत नाही.

मंडळाचा अर्ज मात्र अडला. माळ गुरचरणाचा, म्हणजे परवानगी हवी. सत्यजीतच्या इंग्रजी कागदात ‘वुडन ऑब्स्टॅकल्स’ असं होतं. शब्दकोशात अडथळा, अडचण आणि विघ्न असे तीन शब्द निघाले. विघ्न मी गणपतीमुळे सोडलं, अडचण लेखी द्यावी असं वाटलं नाही, तेव्हा अडथळा राहिला. ‘विषय : गुरचरण जमिनीवर लाकडी अडथळे उभारण्यास परवानगी मिळणेबाबत.’ तीन प्रती काढल्या, दोन्ही अर्ज एका पिशवीत घातले आणि तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, सगळी सारखीच असतात.

खिडकीशी नीलेश नावाचा तरुण कारकून होता. त्याने विषय वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विषय वाचला.

“काका, सरकारी जागेवर कोणी अडथळा केला की आम्ही त्याला नोटीस काढतो,” तो म्हणाला. “तुम्ही तर आधीच कळवताय. तेही तीन प्रतींत.”

आतले चार कारकून हसले. शिपाई चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम माझ्यापर्यंत आला, मला बघितलं आणि चहा न देता परत गेला. सव्वीस वर्षांच्या मसुद्यांवर अशी वेळ यावी! मी पिशवीत हात घातला, कागद चाळायचं नाटक करत, तर देवजीचा अर्ज वर आला. त्यात तो शब्द होता. साकव. लाकडाचा असतो, दोन टेकूंवर असतो, वरून जायचं असतं. आमचं बांधकाम याहून वेगळं ते काय? पलीकडे काही नाही हा भाग सोडला तर काहीच नाही. मी पेन काढलं, तिन्ही प्रतींत ‘अडथळे’ खोडलं आणि वर ‘साकव’ लिहिलं. ‘ठाकरांची वाडी येथे लाकडी साकव, मंडळामार्फत स्वखर्चाने.’

“हां, साकव असेल तर मग प्रश्नच नाही,” नीलेश म्हणाला. “साकवाला खर्चाचं हेड आहे आमच्याकडे. आणि स्वखर्चाने म्हणजे तर देवच पावला!”

त्याने आमच्या अर्जावर शिक्का मारला आणि त्याच शाईत देवजीच्या अर्जावर. एकामागून एक, एकाच दिवशी, लागोपाठच्या आवक क्रमांकांनी. मी पायऱ्या उतरलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती. योग्य शब्द सापडला की सरकार हलतं, असं मी त्या संध्याकाळी सत्यजीतला सांगितलं, दिनानाथरावांना सांगितलं आणि त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्यालाही सांगितलं. आमची परवानगी आठ दिवसांत आली.

लाकूड बंदरातून आलं. परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या, पांढऱ्या, गुळगुळीत. देवजीने एका फळीला नख लावलं आणि म्हणाला, “येक पावसाला काडील. जास्त नाय.” सत्यजीत म्हणाला, “इम्पोर्टेड पाइन आहे!” देवजीने मान डोलावली. पंधरा दिवसांत त्याने नकाशाबरहुकूम सगळं उभं केलं. तीस फूट लांब, वीतभर रुंद फळी, मग डुगडुगती फळी, मग शेवट, आणि शेवटाच्या पुढे खाली चार फूट हवा. काम इतकं नेटकं होतं की ते निरर्थक आहे हे लांबून कळत नसे.

आता त्यावरून जायचं होतं. इथे असं उघडकीला आलं की सत्यजीत कॅनडात त्या फळ्यांवर कधी चढलेलाच नव्हता. तो खाली उभा राहून कॅमेरा धरत असे. “मी बेसिकली टेक्निकल साइडला आहे काका,” तो म्हणाला. म्हणजे फळीवर चढणारा मंडळात एकच उरला, तो म्हणजे सचिव. मार्चचे सगळे रविवार मी पडत होतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर फळीपर्यंत पोचायच्या आधीच. दिनानाथराव खुर्ची घेऊन यायचे आणि ओरडायचे, “अंग सैल सोडा! घट्ट धरलेलं हाड मोडतं!” सत्यजीत एका तक्त्यात माझ्या पडण्याची नोंद ठेवत होता, कुठे, कसा, किती वाजता. वाडीतल्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन माळावरून उतरायच्या, त्या मोळ्या खाली ठेवून बसायला लागल्या. मी पडलो की त्या मोळ्या उचलायच्या. माझ्या पडण्याआधी एकही बाई कधी निघाली नाही, इतकी त्यांना खात्री.

शशिकला रोज रात्री पाठीला बाम चोळताना म्हणायची, “लोकांचे नवरे या वयात भजनी मंडळात जातात. तिथे पडायचं म्हटलं तरी सतरंजीवर.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देवजी आमच्या दारात उभा राहिला. वाडीतून चालत आला होता. सोसायटीच्या वॉचमनने त्याला अर्धा तास गेटवर थांबवलं, कारण आमच्या सोसायटीत अनोळखी माणसाला थांबवायचा ठराव आहे आणि तो ठरावही मीच लिहिलेला आहे. त्याच्या हातात सरकारी पाकीट होतं. शशिकलेने त्याला चहा दिला आणि पत्र मोठ्याने वाचलं.

“आपल्या वाडीकरिता लाकडी साकव स्थानिक मंडळामार्फत उभारणेत आल्याचे दप्तरी दिसून येते. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

“म्हंजी काय?” देवजीने विचारलं.

शशिकलेने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. “म्हणजे,” ती म्हणाली, “तुमचा साकव यांनी खाल्ला.”

देवजी रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कपबशी मोरीत नेऊन विसळून ठेवली आणि विचारलं, “सरावनाला चार म्हैने हायत. कायतरी हुईल का?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नीलेशच्या खिडकीशी गेलो. त्याने फाईल काढली. “एकाच वाडीला दोन साकव कसे देणार, काका? एक झालेला आहे. तुम्हीच केलाय.”

“तो साकव नाही. तो अडथळा आहे.”

“मग तुम्ही सरकारला खोटं लिहून दिलंत? तसं लेखी द्या. मी पुढे पाठवतो, वर चौकशी लागेल. तुमच्या कारखान्यालाही कळवतील बहुतेक.”

मी तसं लिहून दिलं नाही. शशिकलेने नंतर मला स्वच्छ सांगितलं, “एक ओळ लिहायची, खोटं लिहिलं होतं म्हणून. सव्वीस वर्षं लिहिताय ना?” पण त्या ओळीखाली माझी सही आली असती, आणि तीन वर्षांत माझी बढती होती. मी भित्रा नाही, फक्त सहीच्या बाबतीत जपून असतो, असं मी तिला म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली.

नीलेशनेच वाट काढली. स्थळपाहणी मागायची. इंजिनिअर साहेब येतील, नमुना भरतील. नमुन्यात दोन रकाने. साकव अस्तित्वात आहे काय? वापरास योग्य आहे काय? दुसऱ्यात ‘अयोग्य’ पडलं की देवजीची फाईल आपोआप उघडते आणि पावसाआधी साकव मंजूर होतो.

“पण खाली पाणीच नाही, हे साहेबांना दिसेलच की,” मी म्हणालो.

“एप्रिलात कुठल्या व्हाळाला पाणी असतं, काका? आणि पाण्याचा रकाना नमुन्यात नाही. साहेबांच्या डोळ्यांदेखत कोणी त्यावरून पडला तर मात्र उत्तम. आहे का कोणी?”

असा माणूस माझ्या माहितीत होता.

मी वाडीवर जाऊन देवजीला सगळं समजावलं. साहेबांसमोर मी फळीवर चढायचं आणि पडायचं, साहेबांनी ‘अयोग्य’ लिहायचं, बस. देवजीने एकच विचारलं, “पडाल ना नक्की?” मागे बसलेल्या बाया हसल्या. वेणूसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. माझ्या पडण्यावर अख्ख्या वाडीचा असा भरवसा! आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता आणि इतका अपमानही कोणी केला नव्हता. “त्या बाबतीत निश्चिंत राहा,” मी म्हणालो.

पाहणी शनिवारी सकाळी ठरली. आता ही गोष्ट गुपचूप उरकायची होती, हे कोणाही शहाण्याला कळलं असतं. सत्यजीतने त्याचं उद्घाटन केलं. एक सरकारी साहेब आयते येतायत म्हटल्यावर त्याने कापडी फलक रंगवून घेतला, नारळ आणला आणि सोसायटीची सोळाही कुटुंबं दोन टेम्पोंत भरून माळावर आणली. बायका रेशमी साड्यांत, पोरांच्या हातात वेफर्स. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आज मी पडणार आहे, मुद्दाम. तो म्हणाला, “काका, तुम्ही एरवीही पडताच ना? सो नो प्रॉब्लेम.”

शशिकला आली होती, पण ती फलकाखाली नव्हती. ती वाडीतल्या बायांमध्ये, वेणूशेजारी दगडावर बसली होती. देवजीने पहाटेच मधल्या टेकूच्या डाव्या बाजूला भाताचा पेंढा चांगला गुडघाभर पसरून ठेवला होता, मला लागू नये म्हणून. तो स्वतः पेंढ्याजवळ हात पुढे करून उभा राहिला.

साहेब आले. त्यांनी नारळ फोडला, फोटोला उभे राहिले, दिनानाथरावांचं भाषण ऐकलं आणि खिशातून नमुना काढला. “हं, दाखवा,” ते म्हणाले.

मी सायकलीवर बसलो आणि फळीवर चढलो. त्या दिवशी मला भीती वाटत नव्हती. पडायचंच आहे म्हटल्यावर भ्यायचं काय? हात सैल, खांदे सैल, दिनानाथराव दोन महिने ओरडत होते तसं सगळं अंग सैल. सायकल सरळ जायला लागली. पाच फूट, दहा फूट. इतकं लांब मी कधी आलोच नव्हतो. मधला टेकू आला. खाली पिवळा पेंढा दिसला, देवजीचे पुढे केलेले हात दिसले. इथे डावीकडे कलायचं, इतकंच काम होतं.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी पोरांच्या, मग सगळ्यांच्या. “वा, अवधूतराव!” दिनानाथराव खुर्चीवरून उठून ओरडले. रेशमी साड्या उभ्या राहिल्या. जी सोळा कुटुंबं त्या दिवशी कॅसेट संपल्यावर माझ्याकडे बघत होती ती आता माझ्याचसाठी टाळ्या वाजवत होती. देवजीचे हात अजून पुढे होते.

मी पॅडल मारलं. हे चुकून झालं असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं, पण चुकून झालेलं नाही. मी पॅडल मारलं, डुगडुगती फळी पुढे झुकली, मी तिच्याबरोबर झुकलो, फळी संपली आणि मी सायकलीसकट हवेत गेलो. उतरलो तो दोन्ही चाकांवर. हात वर केले. कॅसेटमधल्या पोरांसारखा मी हसतही होतो.

साहेब खूश झाले. “फोर-व्हीलरला जमणार नाही,” ते म्हणाले, “पण बाकी काम पक्कं आहे.” त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर नमुना ठेवला आणि मोठ्याने उच्चारत लिहिलं, “साकव अस्तित्वात आहे. सुस्थितीत. वाहनयोग्य.”

मग मला भान आलं. “साहेब, मी एरवी पडतो!” मी म्हणालो. “यांना विचारा. तक्ता आहे आमच्याकडे.”

“नम्रपणा चांगला असतो,” साहेब म्हणाले.

“थांबा, मी आत्ता पडून दाखवतो!”

“नमुना भरला हो आता.” ते गाडीत बसले. मी सायकल ओढत पुन्हा फळीवर चढलो आणि घाईघाईने पडलो, तो नेमका उजवीकडे, जिथे पेंढा नव्हता. गुडघा फुटला. तोवर गाडी वळणाआड गेली होती.

लोकांनी मला उचललं, पाठ थोपटली. दुसऱ्या फेरीत पडलो तो जल्लोषात पडलो असं सगळ्यांना वाटलं. शशिकला उठून माझ्याकडे आली नाही. वेणूला हात देऊन तिने उठवलं आणि त्या दोघी वाडीकडे चालू लागल्या.

पेढे वाटून होत होते तेवढ्यात देवजी आणि वाडीतले चौघे पहारी घेऊन आले आणि फळ्या उचकटायला लागले. सत्यजीत धावला. “एक्सक्यूज मी! हे मंडळाचं आहे.”

“सायबानं लिवला नाय का, वाडीचा साकव हाय म्हनून?” देवजी पहार न थांबवता म्हणाला. “मंग वाडीच्या व्हाळावर जाईल.”

कागद आमचाच होता. सत्यजीतने मला मसुदा करायला सांगितलं, निषेधाचा. मी लंगडत जाऊन एका लांब फळीचं मागचं टोक खांद्यावर घेतलं, पुढचं देवजीकडे होतं. पांढरं, हलकं, खोक्याचं लाकूड. एक पावसाळा काढील म्हणाला होता. श्रावणापर्यंत टिकलं तर वेणू त्यावरून पलीकडे जाईल, आणि पुढच्या वर्षी ते कुजेल तेव्हा सरकारच्या दप्तरी ते सुस्थितीतच असेल.

उतारावरून आम्ही व्हाळाकडे चाललो. मागून फलकाखालचे आवाज येत होते.

“सायेब,” देवजी पुढे बघतच म्हणाला. “पन्नास डाव पडलाव तुमी. आमच्यासाटी येक डाव पडाचा व्हता.”

“पडणारच होतो, देवजी,” मी म्हणालो. “पण टाळ्या वाजत होत्या.”